घरी पेटी (हार्मोनियम) सुरात लावायची आहे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, सातारा भागातल्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या आणि घरोघरी कपाटावर पडलेल्या पेट्या हाताखालून जातात, आणि प्रत्येक वेळी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. इथं फक्त हाताच्या भात्याच्या साध्या पेटीबद्दल आहे. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवाल्यांनी वाचून उपयोग नाही.

घरी खरंच जमतं का हे, का कारागिराकडंच न्यावी?

जमतं. पण सगळं नाही. दोनचार सूर इकडंतिकडं झालेत, एखादा अडकतोय, एखादा खरखरतोय, एवढं घरी होतं. सगळी पेटी बेसूर वाटत असेल, भाता फाटलाय, लाकडाला भेगा पडल्यात असं असेल तर सरळ घेऊन जा, उगाच शिकायचा प्रयोग आजोबांच्या पेटीवर नको. शिकायचंच असेल तर जुन्या बाजारातली एखादी मोडकी पेटी आणा आणि तिच्यावर हात बसवा, सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ असते आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

पेटी बेसूर झालीय हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न पहिला यायला पाहिजे आणि लोक हाच शेवटी विचारतात. माझ्याकडं "सूर उतरलाय" म्हणून येणाऱ्या पेट्यांपैकी बऱ्याच जणींचा सूर जागेवरच असतो, भलतंच काहीतरी झालेलं असतं. म्हणून कानस हातात घ्यायच्या आधी हे बघा.

भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका, सगळे खटके (समोरचे ओढायचे दट्टे) बंद ठेवा आणि भाता किती वेळ फुगलेला राहतो ते बघा. हात सोडल्या सोडल्या बसला तर हवा गळतेय. गळक्या पेटीत हवेचा दाब एकसारखा राहत नाही आणि दाब हलला की सूरही हलतो, खर्जाचे तर जास्तच, जोरात भाता मारला की ते किंचित उतरतात. मग तुम्ही अ‍ॅप लावून बसणार, काटा नाचणार, आणि तुम्ही म्हणणार सूर खराब. सूर नाही हो, भात्याच्या कोपऱ्यातलं चामडं गेलंय.

दुसरं, धूळ. आषाढीला लोणंद-फलटणच्या रस्त्यानं दिंडीबरोबर टेंपोत गेलेली पेटी परत आली की आतनं मूठभर माती निघते. सुराच्या जिभेत आणि चौकटीत केसभर फट असते, त्यात एक कण बसला की सूर खरखरतो, कधी वाजतच नाही, कधी थोडा खाली वाजतो. मऊ ब्रशनं झाडलं की बरा.

तिसरं, पट्टी न दाबता सूर सतत वाजतोय. याचा ट्यूनिंगशी काडीचा संबंध नाही, पट्टीखालची गादी नीट बसत नाही किंवा स्प्रिंग ढिली झालीय.

हे तिन्ही नसेल आणि तरी सूर चुकीचा येत असेल तर मग पुढचं वाचा.

उघडायची कशी? मला भीती वाटते.

भीती वाटते ते चांगलंय. वरचं झाकण, जाळी काढा. बहुतेक साध्या पेट्यांत पट्ट्यांचा अख्खा भाग, म्हणजे पट्ट्या आणि त्यांच्या खालची सूर बसवलेली पाटी, बाजूच्या किंवा वरच्या स्क्रूंनी धरलेला असतो, स्क्रू काढले की तो एकत्रच वर उचलता येतो. तो उलटा करून जुन्या चादरीवर ठेवला की खाली पितळेच्या पट्ट्या ओळीनं दिसतील, तेच सूर. उचलायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूनी फोटो काढा, कुठला स्क्रू कुठला होता ते कागदावर टोचून ठेवा, लांबीला सारखे दिसणारे स्क्रू सारखे नसतात. कडेला चामड्याची पट्टी असते ती हवाबंद ठेवण्यासाठी, ती ओढू नका.

स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी) असेल तर उघडूच नका. त्यातला सरकणारा भाग एकदा वाकडा बसला की मग पेटी पुण्याला जाते आणि पैसेही.

हत्यारं काय लागतात?

फार नाही. बारीक सुई-कानस, एक धारदार ब्लेड किंवा छोटा चाकू, पॉलिश पेपर, मऊ पेंटब्रश, चांगला स्क्रूड्रायव्हर आणि एक फीलर गेज. फीलर गेज मोटार पार्टच्या दुकानात मिळतो, गॅरेजवाले प्लगची फट मोजायला वापरतात, त्यातली सगळ्यात पातळ पाती जिभेखाली सरकवायची म्हणजे घासताना जीभ खाली दबत नाही आणि वाकत नाही. हे न करता घासलं की सूर बदलला का जिभेला बाक आला तेच कळत नाही. आणि वही. वहीशिवाय बसू नका.

नेमकं कुठं घासायचं? कुणी म्हणतं टोकाला, कुणी म्हणतं मुळाशी.

दोघंही बरोबर, काम वेगळं. जिभेचं एक टोक रिवेटनं चौकटीला पक्कं असतं (ते मूळ) आणि दुसरं मोकळं हलतं. मोकळ्या टोकाकडचं पितळ थोडं कमी केलं की ते हलकं होतं, जोरात थरथरतं, सूर चढतो. मुळाकडचं कमी केलं की तिथला ताठपणा कमी होतो, जीभ सावकाश हलते, सूर उतरतो. बस, एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळा हात आहे.

पण दोन्हीतला धोका सारखा नाही. चढवणं सोपं, उतरवणं जोखमीचं, कारण जीभ तुटते ती नेहमी मुळाशीच. म्हणून मुळाकडं हात लावायचा तर अगदी अंगावर घेतल्यासारखा हळू, आणि रिवेटच्या लगतची जागा सोडून थोडं पुढं. घासायची दिशा लांबीच्या बाजूनं. आडवी रेघ मारली की तिथंच पुढं तडा जातो. चकाकी आणायचा मोह होतो तो आवरा, आपण भांडी घासत नाही आहोत.

एकदोन हलके हात, धूळ झाडा, पाटी परत जागेवर ठेवा, वाजवा, बघा. दरवेळी सगळे स्क्रू आवळायची गरज नाही, पाटी हातानं घट्ट दाबून धरली तरी चाचणीपुरतं चालतं, पण वाजवून बघायचं ते पेटीतच, बाहेर तोंडानं फुंकून नाही. बाहेर लागलेला सूर आत वेगळाच येतो. आणि घाई नको, घासल्यावर पितळ गरम होतं, गरम सूर किंचित खाली दाखवतो, थंड झाला की वर सरकतो. तुम्ही गरम असताना बरोबर लावला तर दहा मिनिटांनी तो चढलेला असणार. मी तर चारपाच सूर करून ठेवतो आणि चहा पिऊन येऊन परत पहिल्यापासून तपासतो.

अ‍ॅप कुठलं? ४४० ठेवायचं का?

सेंट (सुरातला बारीक फरक मोजायचं माप) दाखवणारं कुठलंही फुकटचं ट्यूनर अ‍ॅप चालेल. ४४० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० वेळा थरथरते, तो सगळीकडं धरतात तो आकडा. दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट असतात, म्हणजे ५ सेंट म्हणजे फार काही नाही, १५ सेंट म्हणजे कुणालाही खुपेल.

आता महत्त्वाचं. अ‍ॅप उघडलं आणि सगळे सूर ४४० च्या हिशोबानं शून्यावर आणायला सुरुवात केली असं करू नका. आधी एकही सूर न घासता सगळ्या पट्ट्या एकसारख्या मध्यम दाबानं वाजवून प्रत्येकीचा आकडा वहीत लिहा. समजा बहुतेक सूर +६ ते +१० च्या आसपास आहेत आणि तीनचार सूर वेडेवाकडे आहेत, तर तुमची पेटी मुळातच ४४२ च्या जवळ लावलेली आहे. अ‍ॅपमध्ये ४४२ करा, आणि फक्त ते तीनचार सूर दुरुस्त करा. नाहीतर चांगले असलेले तीसपस्तीस सूर विनाकारण मुळाशी घासून उतरवाल. ज्यांनी पेटी ४४० लाच पाहिजे म्हणून हट्ट धरला त्यांनी बहुतेक वेळा कीबोर्डबरोबर वाजवायचं कारण सांगितलं, आणि कीबोर्डला पीच बदलायचं बटण असतं हे सांगितल्यावर गप्प झाले.

पेटी डबल सुराची आहे, दोन्ही एकदम वाजतात, मग अ‍ॅप कसं समजणार?

नाही समजत, गोंधळतं. खटक्यानं एक ओळ बंद होत असेल तर बंद करा. होत नसेल तर ज्या सुराला गप्प करायचं त्याच्या जिभेखाली कागदाची बारीक पट्टी सरकवा. एक ओळ (समजा नर, म्हणजे मधल्या सप्तकाची) पूर्ण करा, मग दुसरी त्या ओळीशी कानानं जुळवा. इथं अ‍ॅपपेक्षा कान बरा. दोन सूर जवळजवळ सारखे असले की आवाजात लाट येते, वांव-वांव-वांव असं. एक ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोन लाटा. जवळ आणत गेलात की लाट लांब होत जाते आणि शेवटी थांबते. खर्ज आणि नर एका सप्तकाच्या अंतरानं असले तरी हीच लाट ऐकू येते, थोडं शांत बसून ऐकावं लागतं.

काही कारागीर अगदी हलकी लाट मुद्दाम ठेवतात, आवाज भरल्यासारखा वाटतो म्हणून. नाट्यसंगीताला मला ते आवडतं. ख्यालाच्या साथीला नाही.

गवई म्हणतात तुमच्या पेटीचा गांधार चढा आहे. अ‍ॅप तर शून्य दाखवतं. खरं कोण?

दोघंही खरे आणि हेच तर पेटीचं जुनं दुखणं आहे. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर लावतात, प्रत्येकी १०० सेंट, म्हणजे सा पासून शुद्ध गांधार ४०० वर. पण चांगला लावलेला तानपुरा छेडा, खर्जाच्या तारेतून जो गांधार आपसूक ऐकू येतो तो ५:४ चा (सा चार वेळा थरथरतो तेवढ्यात तो पाच वेळा), म्हणजे ३८६ सेंटच्या आसपास. १४ सेंटचा फरक. धैवतात १६, निषादात १२. पंचमात फक्त २, म्हणून पंचमाबद्दल कुणी तक्रार करत नाही.

मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांचा उरूस लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हा फरक सेंट माहीत नसताना पण टोचतो. आपल्या भागाला तर याचा इतिहासच आहे, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स या दोघांनी शंभर वर्षांपूर्वी याच भानगडीवर उपाय म्हणून श्रुतींची (बारा सुरांच्या मधल्या बारीक जागांची) हार्मोनियम करायचा घाट घातला होता, खुद्द खाँसाहेबांच्या गाण्यावरनं मोजमाप केली, १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती मांडली आणि तिथं तिच्यावर बरीच टीका झाली. पुढं १९४० ला ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. अलीकडं डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केलीय. म्हणजे प्रश्न संपलेला नाही, पेटी मात्र संपली नाही ती नाहीच.

आता घरी काय करायचं. समजा घरात एकच गाणारं माणूस आहे आणि ते कायम काळी एक मध्येच (सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून) गातं. तर सा म्हणजे काळी एक जागेवर ठेवा, मग गांधार म्हणजे पांढरी चार १४ सेंट खाली, धैवत म्हणजे काळी पाच १६ खाली, निषाद म्हणजे पांढरी एक १२ खाली, रिषभ काळी दोन ४ वर, पंचम काळी चार २ वर, मध्यम काळी तीन २ खाली. कोमल सुरांना हात लावू नका, ते रागारागानुसार बदलतात आणि त्यात पडलात की संसार सुटेल. असं लावलं की भूप, बिलावल, यमनात पेटी तानपुऱ्यात मिसळून जाते, ऐकून अंगावर काटा येतो.

पण त्याच पेटीवर उद्या काळी पाचमध्ये गाणाऱ्या वहिनी आल्या तर? त्यांचा सा च १६ सेंट खाली बसलाय, आणि त्यांचा गांधार पांढरी दोन, तिला आपण हात लावलेला नाही, म्हणजे तो ४१६ वर गेला, पाहिजे ३८६, तब्बल ३० सेंट चढा. आधी १४ चाच होता. म्हणून माझं स्पष्ट मत, भजनी मंडळाची, शाळेची, क्लासची पेटी आहे तशी सारख्या अंतरावर ठेवा, तिथं दर अभंगाला पट्टी बदलते. एका गळ्याची घरातली दुसरी पेटी असेल तरच हा शौक करा. आणि गांधार खाली आणायचा म्हणजे मुळाशी घासायचं, त्यातली जोखीम वर लिहिलीच आहे.

एक सूर काल बरोबर होता, आज एकदम खाली गेलाय.

घासून चढवू नका. अचानक उतरलेला सूर म्हणजे बहुतेक वेळा मुळाशी बारीक तडा गेलाय. उजेडात भिंग धरून बघा. धूळ नसेल, जीभ चौकटीला घासत नसेल तर तो सूर तुटणारच आहे, आज नाहीतर गणपतीत ऐन आरतीला. बदलून घ्या. बदलताना जुना तुकडा बरोबर न्या, नुसतं "मधला सा द्या" म्हणून चालत नाही, मापं वेगवेगळी असतात. आपल्याकडं पालिताण्याचे सूर सर्रास मिळतात. जुन्या पेटीत जर्मन किंवा पॅरिसचे सूर असतील तर एक बदलल्यावर त्याचा आवाज शेजाऱ्यांपेक्षा वेगळा येतो, ते चालवून घ्यावं लागतं.

सूर बरोबर आहे पण उशिरा वाजतो. आणि एक आहे तो हळू वाजवला की ठीक, जोरात भाता मारला की गप्प.

ही दोन्ही जिभेच्या उंचीची भांडणं. मोकळं टोक चौकटीच्या पातळीपेक्षा थोडंसं वर असलं पाहिजे, ढोबळ मानानं जिभेच्या जाडीइतकं. फार वर असेल तर उशिरा बोलतो आणि हवा खातो, फार खाली असेल तर जोरात हवा आली की चौकटीला चिकटून गप्प बसतो. जिभेला सुईनं अगदी हलका बाक द्यायचा, वर किंवा खाली. यानं सूरही थोडा हलतो, म्हणून हे काम नेहमी घासायच्या आधी. ज्यांनी आधी सूर लावला आणि मग उंची केली त्यांनी सगळं दोनदा केलं.

खरखर जाईना. ब्रश मारला, फुंकलं, सगळं केलं.

जीभ एका बाजूला सरकून चौकटीला घासत असणार. मागं उजेड धरून बघा, दोन्ही बाजूला सारखी फट दिसली पाहिजे. पातळ कागद दोन्हीकडनं फिरवा, कुठं अडतो ते कळेल. मुळाशी रिवेटजवळ किंचित ढकलून मध्यावर आणतात. सूर पाटीवर बसवलाय तिथले स्क्रू ढिले असतील तरी खरखर येते, ते आधी बघा, सोपं आहे.

तेल, स्प्रे, लिंबू, चिंच?

नाही, नाही, नाही आणि नाही. तेलानं धूळ चिकटते, स्प्रे चामड्यात मुरतो, चिंचेनं पितळ चकाकतं पण फटीत आंबट राहिलं की हिरवं चढतं. कोरडा ब्रश. बस.

पावसाळ्यात काय होतं? आम्ही महाबळेश्वरजवळ राहतो.

पितळ फारसं बदलत नाही, लाकूड आणि चामडं बदलतं. पट्ट्या फुगून अडकतात, गाद्या ओल्या होतात, सूर जड वाटतो. जून ते सप्टेंबर सुराला हात लावू नका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तपासा, निम्म्या तक्रारी गेलेल्या असतील. पेटी जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नका, गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आठवड्यातून एकदा वाजवा, हवा खेळती राहते. सांगलीकडं उलट त्रास, एप्रिल-मे मध्ये लाकूड आकसून भेगा पडतात आणि हवा गळते, पत्र्याच्या खोलीत तर पेटी ठेवूच नका. उंदीर दोन्हीकडं सारखेच, भात्याचं चामडं आणि पुठ्ठा त्यांना फार आवडतो.

पुरात भिजलेली पेटी वाचते का?

२०१९ च्या ऑगस्टनंतर हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की काय सांगू. कधी वाचते, कधी नाही. जुन्या पेट्यांत जोड सरसानं चिकटवलेले असतात आणि सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळं पेटी सुटी होऊ शकते. भाता अजिबात मारू नका, आतला गाळ सुरांत जाईल. उन्हात ठेवू नका, लाकूड पिळवटतं. झाकणं उघडून सावलीत, पंख्याखाली आठवडाभर सुकू द्या, गाळ वाळल्यावर ब्रशनं काढा. आणि मग कारागिराकडं न्या, कारण अशा पेटीचं ट्यूनिंग हे शेवटचं काम आहे, आधी सुतारकाम. सूर बहुतेक वेळा वाचतात. चांगले जर्मन सूर असतील तर पेटी गेली तरी सूर सांभाळून ठेवा, नव्या सांगाड्यात बसवता येतात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पेटी लावून देतात का?

ती गल्ली मुळात तंतुवाद्यांची, सतार आणि तानपुरा, मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ ला जीआय मानांकन मिळालंय. पेटीचं काम वेगळं आणि करणारी माणसं वेगळी, पण तिथं विचारलंत तर कुणाकडं जायचं ते नक्की सांगतील. आणि गेलाच आहात तर एखादा लागलेला तानपुरा पाच मिनिटं शांतपणे ऐकून या, त्या गांधाराच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा तो चांगलं देईल.

किती दिवसांनी लावावी लागते?

रोज वाजणारी पेटी वर्षातनं एकदा तपासली तरी पुष्कळ. तपासली म्हणतोय, घासली नव्हे. नुकताच घासलेला सूर मात्र पहिल्या आठपंधरा दिवसांत थोडा सरकतो, म्हणून पंधरा दिवसांनी परत वही काढून आकडे टाका. २-३ सेंट इकडंतिकडं दिसले तर सोडून द्या.